आधी दार ठरवा, मग दल: पोरगं फौजेत जायचं म्हणतंय त्या घरासाठी

रोज सकाळी पावणेसहाला मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मैदानावर चालायला जातो. तिथे सात-आठ पोरं धावत असतात, भरतीची तयारी करणारी. मी नौदलात 15 वर्षं काढलीत हे त्यांना कधीतरी कळलं आणि तेव्हापासून दिवसाआड कोणीतरी थांबवतं. कधी पोरगा स्वतः, जास्त करून त्याची आई. "दादा, हा फौजेत जायचं म्हणतो. आर्मी बरी, नेव्ही बरी की एअर फोर्स?"

गावाकडे हा प्रश्न असा येत नाही. साताऱ्याच्या अपशिंग्यात घरटी कोणी ना कोणी फौजेत. पोराला सुटीवर आलेला काका दिसतो, त्याची काळी ट्रंक दिसते, काकू एकटीने घर कसं ओढते तेही दिसतं. मुंबईत शेजारचा बँकेत, समोरचा बेस्टमध्ये, खालचा पोलिसात. विचारायचं कुणाला? मग मोबाइलवरचे व्हिडिओ आणि क्लासवाल्यांची पत्रकं यांच्यावरच सगळं ठरतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी फौजेत निघालंय त्या घरासाठी मी हे लिहितोय.

पहिलं काम: "कुठे" नको, "का" ते विचारा

दलाचं नाव आठवडाभर बाजूला ठेवा. पोराला शांतपणे विचारा की तुला तिथे जाऊन रोज काय करायचंय. वर्दी, परेड, तिरंगा हे सगळे सांगतात आणि मनापासून सांगतात, त्यात खोटं काही नाही. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हाताला कुठलं काम हवंय, ते काढून घ्या. माणसं सांभाळायची आहेत? यंत्र उघडून बघायला आवडतं? डोंगर, थंडी, अंगमेहनत हवी? की वायरलेस, रडार, संगणक?

मैदानावरचा एक मुलगा सहा महिने "एअर फोर्सच" म्हणत होता. खोदून विचारल्यावर कळलं, त्याला विमान उडवायचं नव्हतंच. वडिलांच्या गॅरेजमध्ये तो लहानपणापासून इंजिनं उघडत आला होता आणि त्याला सगळ्यात मोठं इंजिन उघडायचं होतं. असं इंजिन विमानात असतं, रणगाड्यात असतं आणि युद्धनौकेच्या पोटातही असतं. एकदम तीन वाटा उघड्या झाल्या.

उलटही होतं. उडायचंच असेल, तर वैमानिक फक्त हवाई दलात नसतात. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा तळावरून उडणारी हेलिकॉप्टरं नौदलाची आहेत. लष्कराच्या हवाई शाखेचे वैमानिक आपल्या नाशिकला शिकतात. म्हणून काम आधी, वर्दीचा रंग नंतर.

याच बोलण्यात तुमची भीतीही सांगून टाका. एकुलता एक आहे, आजी आजारी आहे, सीमेवरच्या बातम्या बघून झोप लागत नाही. भीती वाटते तर "भीती वाटते" असंच म्हणा. "नेव्ही सेफ असते" अशा वाक्यात ती गुंडाळू नका, पोरांना ते लगेच कळतं आणि मग ती बोलायचीच थांबतात.

दुसरं काम: डोळे तपासून घ्या

हे मी मुद्दाम अभ्यासाच्याही आधी ठेवतोय. दोन वर्षं क्लास लावून शेवटी मेडिकलला रंगदोष निघालेली पोरं मी पाहिली आहेत. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायची इशिहारा चाचणी पाच-दहा मिनिटांची असते. केईएम, सायन, जेजे, कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती होते. घरात कोणाला कळलेलंही नसतं, कारण रंगदोष असलेल्या मुलाला आपण वेगळं बघतो हे माहीतच नसतं. वैमानिक होण्याची आणि नौदलातल्या बऱ्याच कामांची वाट तिथेच अडते. लष्करातल्या काही कामांना नियम सैल आहेत, पण तेही जाहिरातीत वाचूनच ठरवा.

चष्म्याचा नंबर किती हेही लिहून ठेवा. दल आणि शाखा बदलली की मर्यादा बदलते. नंबर घालवायला लेझर शस्त्रक्रिया घाईने करू नका. बारावीनंतरच्या काही प्रवेशांत ती केलेली असणंच अपात्र ठरवतं. सपाट तळवे, जुळणारे गुडघे, कानातला जुना दोष, दंडावर हौसेने काढलेला टॅटू, हेही आत्ताच बघा. एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, मुलांसाठी किमान उंची 157 सेंटीमीटर आहे, फ्लाइंगसाठी त्याहून जास्त लागते. तिथे पायांची आणि मांडीची लांबीही मोजतात, कारण कॉकपिटमध्ये माणूस नीट बसायला हवा.

तिसरं काम: दार कुठलं

आता मुख्य गोष्ट. तिन्ही दलांना दोन दारं आहेत: एक अधिकाऱ्याचं, एक जवानाचं. जवानाला नौदलात सेलर आणि हवाई दलात एअरमन म्हणतात. तीन दलांमध्ये जेवढा फरक आहे, त्याहून मोठा फरक या दोन दारांमध्ये आहे. काम वेगळं, शिक्षण वेगळं, पगार वेगळा, पुढची 20 वर्षं वेगळी. तरीही घरोघरी चर्चा चालते ती दलांची. "एअर फोर्समध्ये लागला, आता विमान उडवणार" असं म्हणून पेढे वाटणारं घर मी बघितलंय. पोरगा अग्निवीरवायू, म्हणजे जवानाच्या दाराने हवाई दलात भरती झाला होता. ते काम सन्मानाचंच आहे, पण वैमानिक अधिकारीच असतो. ते त्या मुलाला कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

अधिकाऱ्याचं बारावीनंतरचं मोठं दार म्हणजे एनडीए, आपल्याच पुण्याजवळ खडकवासल्याला. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुमाराला, मुंबईत केंद्र असतं. गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता 600 गुणांची, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. मग एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत 900 गुणांची. प्रशिक्षण सुरू होताना वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस हवं, आणि अविवाहित. अर्जाची फी 100 रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना माफ. अलीकडच्या जाहिरातींत एनडीएच्या 370 जागांपैकी 208 लष्कराच्या, 42 नौदलाच्या आणि 120 हवाई दलाच्या असतात. अर्जातच दलांचा पसंतीक्रम भरावा लागतो. म्हणजे निवड फॉर्म भरण्याच्या आधी झालेली हवी, सायबर कॅफेत बसून नव्हे. खडकवासल्याची तीन वर्षं झाली की लष्कराचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे केरळात एझिमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडिगलला जातात.

इंजिनिअरिंगची तयारी चालूच असेल, तर जेईई मेनच्या गुणांवर आणखी दोन वाटा आहेत. लष्कराच्या टेक्निकल एंट्रीला भौतिक, रसायन, गणितात 60 टक्के लागतात, नौदलाच्या बी.टेक. एंट्रीला 70 टक्के. लेखी परीक्षा वेगळी नसते, थेट एसएसबी. डॉक्टर व्हायचं असेल तर नीटमधून पुण्याचं एएफएमसी, सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय. आणि यातलं काहीच जमलं नाही तर पदवीनंतर यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा आहे, हवाई दलाची एएफकॅट परीक्षा आहे, एनसीसीचं सी प्रमाणपत्र असणाऱ्यांना वेगळा प्रवेश आहे. अठराव्या वर्षी दार बंद होत नाही, हे पोराला दहा वेळा सांगा.

जवानाचं दार आता अग्निवीर. जून 2022 मध्ये योजना आली. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना 30,000, चौथ्या वर्षी 40,000, त्यातले 30 टक्के सेवानिधीत कापले जातात आणि सरकार तेवढेच घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21,000. चार वर्षांनी साधारण 10 लाख आणि त्यावरचं व्याज मिळतं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना पुढे कायम घेतात. वयोमर्यादा सुरुवातीला साडेसतरा ते 21 अशी ठरली. जन्मतारखेची नेमकी चौकट प्रत्येक जाहिरातीत छापलेली असते, तीच धरा.

मला पेन्शन मिळते. त्यामुळे या योजनेबद्दल बोलताना मी जपून बोलतो. पण पोराशी एक हिशोब कागदावर मांडा: चौघांतले तिघं बाविशी-तेविशीत घरी येणार. त्यातला तू असलास तर? पोलीस, केंद्रीय दलांतलं आरक्षण, हातातलं तांत्रिक काम, नोकरी करता करता इग्नूची पदवी, काहीतरी उत्तर असायला हवं. उत्तर असेल तर चार वर्षं सोन्यासारखी आहेत. नसेल तर आधी ते शोधा. माझं मत विचाराल तर बारावी सायन्स असलेल्या मुलाने एनडीए निदान दोनदा द्यावी आणि अग्निवीरचा अर्जही सोबत भरावा.

चौथं काम: अकरावीचे विषय

दहावीत असाल तर हे आजच वाचा. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित नसेल तर एनडीएतून नौदल आणि हवाई दल मिळत नाही. कला किंवा वाणिज्य घेतलेल्याला फक्त लष्कर उरतं. नौदलात बारावीवरच्या भरतीला एसएसआर म्हणतात, दहावीवरच्या भरतीला एमआर. एसएसआर अग्निवीराला बारावीत गणित-भौतिक लागतं, एमआरला दहावी चालते. हवाई दलात सायन्सवाल्यांबरोबर इतर शाखांनाही जागा आहे, इंग्रजीत आणि एकूण 50 टक्के हवेत. लष्कराच्या जीडीला (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा सैनिक) दहावी 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33, क्लर्कला बारावी 60 टक्के. मन ठरत नसेल आणि गणित झेपत असेल, तर सायन्स घ्या.

दहावीच्याच वर्षात राज्य सरकारच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा अर्ज निघतो. मुलांची संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे, मुलींची नाशिकला 2023 मध्ये सुरू झाली. लेखी परीक्षा आणि मुलाखत होते, मग अकरावी-बारावी तिथेच राहून एनडीएची तयारी. मुंबईतल्या फार थोड्या घरांना हे माहीत असतं. खाजगी क्लासला लाख-दीड लाख भरण्याआधी हा अर्ज भरा.

पाचवं काम: तीन दलांतलं जगणं

संख्येने लष्कर सगळ्यात मोठं, सुमारे 12 लाख. हवाई दल सव्वा लाखाच्या वर, नौदल पाऊण लाखाच्या आसपास. म्हणून संधी लष्करात सगळ्यात जास्त, आणि कामाचे प्रकारही. पायदळ, तोफखाना, रणगाडे, इंजिनिअर्स, सिग्नल्स, वाहतूक, दुरुस्ती, वैद्यकीय. पोस्टिंग फील्ड (सीमेकडची) आणि पीस (शांत ठाण्यातली) अशी आलटून पालटून होते. फील्डला कुटुंब सोबत नसतं. पण पलटणीचं नातं आयुष्यभराचं असतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतला माणूस निवृत्त होऊन 30 वर्षं झाली तरी पलटणीच्या दिवसाला जातो. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, सागरची महार रेजिमेंट यांच्यातही तेच. ज्या पोराला माणसांत राहायला आवडतं, चिखल-थंडीची तक्रार नसते, त्याला लष्कर मानवतं.

नौदलाबद्दल मी जास्त बोलणार, कारण ते मी जगलोय. मुंबईच्या पोराला नौदल ओळखीचं वाटतं. नौदलाच्या गोदीचं लायन गेट दिसतं, 4 डिसेंबरच्या सुमाराला गेटवेला बँड वाजतो, 1971 च्या कराची हल्ल्याच्या आठवणी निघतात. मीही असाच बंदरात उभं जहाज बघून ठरवलं होतं. पण उभं जहाज आणि चालतं जहाज यांत फार अंतर आहे. माझी पहिली सेल, म्हणजे समुद्रफेरी, पावसाळ्यात होती. तीन दिवस पोटात पाणी टिकलं नाही, आणि तरीही वॉच (पहाऱ्याची पाळी) चुकला नाही, कारण तुझ्या जागी उभा राहायला दुसरा माणूस नसतो. खाली मेसमध्ये एकावर एक बंक, सामानाला एक लॉकर, मोबाइलला रेंज नाही. घरी बहिणीचं लग्न ठरल्याचं मला बंदराला लागल्यावर कळलं. आणि तरी रात्री दोनच्या वॉचला डेकवर उभं राहून पाहिलेलं आभाळ मी कशाशीही बदलणार नाही.

कायम समुद्रावर कोणी नसतं, जहाजानंतर किनाऱ्यावरची पोस्टिंगही येते. मुंबई, विशाखापट्टणम, कोची, कारवार, श्रीविजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) अशी मोठी बंदरं, त्यामुळे कुटुंब शहरात राहतं. अग्निवीरांचं पहिलं प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला, पुढे कामाप्रमाणे शाळा. जहाजाच्या इंजिनांची लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, कोठार-पुरवठ्याची आपल्या मालाडला मार्व्याच्या आयएनएस हमलावर. यंत्रात रमणारं आणि बंद जागेत चार माणसांशी जमवून घेणारं पोरगं इथे फुलतं. पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, शिकवतात. पण दादरच्या पालिकेच्या तलावात आधीच शिकलेलं बरं.

आणि एक घोळ मिटवून घ्या: मर्चंट नेव्ही म्हणजे नौदल नव्हे. ती व्यापारी जहाजांची खाजगी नोकरी. तटरक्षक दल आणखी वेगळं, संरक्षण मंत्रालयाखालचंच पण या तिघांबाहेरचं, त्याचं पश्चिम विभागाचं मुख्यालय वरळीला आहे. त्यांची भरती स्वतंत्र निघते, तीही बघा.

हवाई दलाचं आयुष्य तुलनेने स्थिर. लोहगाव, ओझरसारख्या तळावर काम, तिथेच घरं, शाळा. लेह आणि ईशान्येची पोस्टिंगही येते. बहुतेक माणसं जमिनीवर राहून विमान उडतं ठेवतात. एका स्क्रूची नोंद राहिली तर विमान सोडत नाहीत, एवढा काटेकोरपणा अंगात हवा. अग्निवीरवायूंचं प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला होतं. वैमानिक व्हायला एसएसबीत संगणकावरची एक चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात की फ्लाइंग संपलं. म्हणून "बघू तर देऊन" म्हणून तिला बसायचं नाही.

मुलींसाठी आता तिन्ही दलांत वाट आहे. एनडीएत पहिली तुकडी 2022 मध्ये गेली आणि मे 2025 मध्ये त्यातल्या 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. अग्निवीर म्हणून नौदल आणि हवाई दल घेतं, लष्करात मिलिटरी पोलिसांत जागा असतात. मैदानावर धावणाऱ्या आठांत दोन मुली आहेत आणि त्यांतली एक सगळ्यांच्या पुढे असते.

सहावं काम: प्रत्यक्ष दाखवा

कॉलेजात एनसीसी घ्यायला लावा. लष्कर, नौदल, हवाई असे तिचे तीन विभाग आहेत, कॉलेज निवडतानाच कुठला आहे ते विचारा. पहिल्या कॅम्पला दहा दिवस घराबाहेर राहून पोरगं परतलं की त्याच्या तोंडावरच कळतं. कुलाब्याला सी कॅडेट कोअर आहे, शाळकरी मुलांसाठी उत्तम. नौदल सप्ताहात जहाजं बघायला खुली करतात तेव्हा घेऊन जा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाला एक दिवस द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर तिन्ही दलांतले निवृत्त लोक भेटतात. आम्हाला विचारलेलं आवडतं.

सातवं काम: कागद

मुंबईकरांचं घोडं इथे अडतं. लष्कराची भरती अधिवासाच्या जिल्ह्याप्रमाणे होते. पोरगं विक्रोळीत जन्मलं, पण दाखला साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा असेल, तर त्याचं भरती कार्यालय कोल्हापूर. मुंबई, ठाणे, पालघर, रायगडचं मुंबई. म्हणून कुठला दाखला वापरायचा ते आधी ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावर ग्राउंड (मैदानी चाचणी) पास झालेली मुलं रडत परतलेली मी पाहिलीत. दुरुस्तीला महिने लागतात. पोरगं 18 च्या आत असेल तर तुमची संमतीची सहीही लागेल.

पैसे मागणारा माणूस आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आमच्या इमारतीतल्या एका बापाने बायकोचे दागिने मोडून एका एजंटला दिले होते. भरतीत कोणाचं "सेटिंग" चालत नाही: संगणकावर परीक्षा, घड्याळावर ग्राउंड, मग मेडिकल. जाहिरात फक्त दलांच्या आणि यूपीएससीच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा.

आठवं काम: अंग आणि डोकं

लष्करात 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर पूर्ण 60 गुण, 10 पुलअपचे 40. सहा महिने द्या. मुंबईत डांबरावर धावून नडगी दुखवून घेणारी पोरं फार. मातीचं मैदान शोधा, पावसाळ्यात जिने चढा आणि पुलअप वाढवा. झोप आणि घरचं जेवण पुरे, डब्यातली पावडर नको.

एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी चाचणी होऊन निम्म्याहून अधिक मुलं परत जातात. पुढे चित्रांवरून गोष्टी, 15 सेकंदांत एक असे 60 शब्द, मैदानावर गटाने करायची कामं, मुलाखत. पाठ केलेली उत्तरं तिथे टिकत नाहीत, कारण तीच व्यक्ती तीन वेगळ्या खिडक्यांतून बघतात. तयारी घरातच होते. पोराला गणपतीच्या मंडळात जबाबदारी घेऊ द्या, आजोबांना एकट्याने दवाखान्यात नेऊ द्या, रोज वर्तमानपत्र वाचून जेवताना त्यावर बोला, मराठीत बोला आणि इंग्रजीतही बोलू द्या. पहिल्यांदा परत आला तर स्टेशनवर घ्यायला जा आणि घरी पोचेपर्यंत काही विचारू नका.

निवड झाली की गाडीत बसवायला सगळं घर जातं. सुरुवातीच्या महिन्यांत मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, फोन आठवड्यातून एखादा, तोही दोन-चार मिनिटांचा, मागे रांग असते. त्या फोनवर रडू नका आणि "परत ये" म्हणू नका. काय जेवलास ते विचारा, घरचं एक साधं काहीतरी सांगा, आणि पत्रासाठी पाकिटं, टपाल तिकिटं आधीच त्याच्या बॅगेत घालून ठेवा. मी चिल्काला असताना आईने लिहिलेली 14 पत्रं माझ्याकडे अजून आहेत.